मदत हवी आहे: कालव्याकाठच्या वाटेने चौदा जणांची सायकल सहल, नियोजन तपासून द्या

नमस्कार मंडळी,

चौदा जणांची एका दिवसाची सायकल सहल ठरते आहे. सगळा रस्ता टोपाथचा, म्हणजे पूर्वी घोडे ज्या वाटेने दोराने होड्या ओढत न्यायचे त्या कालव्याकाठच्या वाटेचा. शर्यत नाही. सगळ्यांनी सोबत जायचं, मध्ये खायचं, सोबत परतायचं, एवढाच बेत आहे. वाट पायी चालून पाहून झाली आहे, त्यामुळे आकडे पक्के आहेत.

अंतर जाऊन-येऊन ३८ किमी, त्याच वाटेने परत. पहिले ७ किमी दाबलेली बारीक खडी, रुंदी साधारण दोन मीटर. पुढचे ९ किमी माती, झाडांची मुळं, मधोमध गवताची पट्टी. काही ठिकाणी रुंदी जेमतेम मीटरभर. शेवटचे ३ किमी पुन्हा खडी. एका बाजूच्या प्रवासात आठ फाटकं किंवा लोखंडी अडसर, अकरा कमानी पूल आणि सलग पाच लॉकची (होडी वर-खाली नेण्यासाठी कालव्यात केलेल्या, दोन्हीकडे दरवाजे असलेल्या पाण्याच्या टप्प्यांची) एक चढण.

माणसं: दहा मोठी (दोघांची सायकलची सवय मोडलेली, एक बाई साठीच्या पुढच्या), ९ ते १३ वयाची तीन मुलं आणि तीन वर्षांचं एक बाळ. सायकली तेरा: सहा हायब्रिड (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीला चालणाऱ्या, ३५ ते ४० मिमी टायर), दोन माउंटन, एक रोड बाइक (२५ मिमी), एक ई-बाइक, तीन मुलांच्या. बाळासाठी एका हायब्रिडला दोन चाकांचा ट्रेलर.

प्रश्न असे:
१. ताशी १५ किमी धरून अडीच तास आणि जेवण, असे चार तास पुरतील का?
२. सगळ्यांनी एकाच रांगेत जावं की गट पाडावेत?
३. ट्रेलर चालेल का?
४. २५ मिमी टायरची सायकल न्यावी का?
५. दुरुस्तीचं सामान किती आणि कोणाकडे?
६. कोणी पाण्यात पडलं तर काय करायचं?

– सहलकर्ती

संथपेडल:

आधी वेळेचं बोलू, कारण बाकीची घोळ तिथूनच सुरू होतात. टोपाथवर अंतर वेळ खात नाही, अडथळे खातात. मुलं आणि नवखी माणसं असलेला गट अशा वाटेवर थांबे सोडूनही ताशी ११ किमीच्या वर जात नाही. ३८ भागिले ११, म्हणजे साडेतीन तासांच्या किंचित आत. आता फाटकं. एक सायकल अडसरातून काढायला वीस सेकंद धरा. तेरा सायकली म्हणजे चार मिनिटांच्या वर, आणि अशी सोळा फाटकं (जाताना आठ, येताना आठ). झाला की नाही तासाभराचा खर्च? पुलांखाली उतरून चालायचं म्हटलं तर प्रत्येकी मिनिटभर, म्हणजे बावीस मिनिटं. जेवण पाऊण तास, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन थांबे, एक पंक्चर पंधरा मिनिटांचं. बेरीज सहा तास वीस मिनिटांच्या पुढे जाते. सकाळी नऊला निघालात तर साडेतीनला परत. चार तासांत शक्य नाही.

हाच हिशेब दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर देतो. चार-पाच सायकलींचे तीन गट केले तर एका फाटकावर दीड मिनिटच जातो. सोळा फाटकांचे मिळून चाळीस मिनिटं वाचतात. शिवाय समोरून येणाऱ्या माणसाला तेरा सायकलींची न संपणारी रांग सोसावी लागत नाही. त्याचाही विचार करायला हवा, कारण ही वाट आधी चालणाऱ्यांची आहे.

आणि परत फिरायचं ते ठिकाण गाठून नाही, घड्याळ पाहून. बारा वाजता जिथे असाल तिथून मागे, हे निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवा. त्याच वाटेने परतायचं असल्यामुळे कोणी दमलं तर त्याला एका सोबत्याबरोबर मध्ये थांबवता येतं आणि परतताना घेता येतं. अशा वाटेचा हा मोठा फायदा आहे.

पान्हा_पेटी:

ट्रेलर नको. दोन चाकांच्या ट्रेलरची रुंदी ७५ ते ८० सेमी भरते. मीटरभर वाटेवर सायकल मधोमध चालवली तरी पाण्याकडचं चाक काठाच्या दगडापासून दहा सेमीवर फिरतं, आणि ते चालवणाऱ्याला दिसत नाही. पुलाखाली तर वाट बऱ्याचदा पाण्याकडे उतरती असते. अडसरांतून तो जाणारही नाही. उचलून न्यायचा तर दर वेळी बाळाला बाहेर काढा, जोड सोडवा, पुन्हा जोडा.

कडेकडेने:

ट्रेलरऐवजी मागची बालखुर्ची लावता येईल. बहुतेक खुर्च्या २२ किलोपर्यंत चालतात, तीन वर्षांचं मूल त्याच्या खूप आत बसतं.

पान्हा_पेटी:

वजनाचा प्रश्न नाही. खुर्चीत मूल पट्ट्यांनी बांधलेलं असतं, आणि खुर्चीमुळे सायकलचा तोल वर सरकतो. अरुंद मातीच्या वाटेवर सायकल पाण्याकडे कलली तर मूल सायकलसकट पाण्यात जातं आणि पट्टे पाण्याखाली सोडवावे लागतात. पहिल्या ७ किमीच्या रुंद खडीवर खुर्ची ठीक. मधल्या ९ किमीवर नको.

कडेकडेने:

हे पटलं, मुद्दा मागे घेतो. मग बाळ आणि त्याचे आईवडील ७ किमीपर्यंत सोबत येतील आणि तिथून फिरतील, किंवा तिथेच थांबतील, असं करा. बाकीचे परतताना भेटतील.

वाटाड्या:

पुलांबद्दल सविस्तर लिहितो, कारण टोपाथवर सगळ्यात जास्त टकरी आणि घसरण्या तिथे होतात.

कमानी पुलाखाली वाट अरुंद होते, कारण बांधणाऱ्यांनी खर्च वाचवायला कालवा आणि वाट दोन्ही तिथे आवळून घेतले. कमान भिंतीकडून वर चढते, म्हणून भिंतीच्या बाजूला डोक्यावरची जागा सगळ्यात कमी असते. सायकलवर बसलेला माणूस डोकं वाचवायला नकळत पाण्याकडे सरकतो. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर दोन-तीन सेकंद काहीच नीट दिसत नाही, आणि त्याच दोन सेकंदांत समोरून कोणीतरी येतं. खाली दगड ओले, शेवाळलेले. पाण्याच्या कडेला जुना लोखंडी कोनपट्टा असेल तर जवळून पाहा, दोरांनी घासून त्यात बोटाएवढ्या खोल चिरा पडलेल्या दिसतील. छान दिसतात, पण ओल्या पट्ट्यावर तिरकं गेलेलं चाक हमखास घसरतं.

म्हणून नियम एकच ठेवा. पुलाच्या वीस-तीस मीटर आधी वेग कमी, घंटी, कान देऊन उत्तर ऐका. आत कोणी असेल तर बाहेर थांबा. नवखे आणि मुलं यांनी प्रत्येक पुलाखाली उतरून चालायचं. चालताना सायकल पाण्याच्या बाजूला आणि स्वतः जमिनीच्या बाजूला. गेली तर सायकल जाईल, माणूस नाही.

पुलाजवळच्या आणि लॉकजवळच्या उतारांवर आडव्या उंचवटलेल्या विटांच्या पट्ट्या असतात. घोड्यांचे खूर घसरू नयेत म्हणून त्या घातलेल्या. त्यांवरून चाक सरळ काटकोनात न्यायचं, पेडल समपातळीत ठेवून बुड किंचित उचलायचं. बसून गेलात तर मागच्या टायरला दणका बसतो आणि हवा कमी असेल तर ट्यूब रिमवर चेपून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

संथपेडल:

+१. विशेषतः सायकल पाण्याच्या बाजूला धरण्याबद्दल. थांबतानाही पाय जमिनीच्या बाजूचाच टेकायचा, हे मुलांना निघण्याआधी पाच वेळा करून दाखवा. क्लिपचे (बूट अडकवायचे) पेडल कोणाचे असतील तर त्या दिवसापुरते सपाट लावा.

सहलकर्ती:

खूप आभार. ट्रेलर रद्द. बाळ ७ किमीवर थांबेल, म्हणजे त्याच्या आईवडिलांच्या दोन सायकलीही तिथेच थांबतील आणि पुढे अकराच राहतील. तीन गट करते: ४, ४, ३. गट एकमेकांपासून किती लांब ठेवायचे? आणि वळणावर माणूस उभा करण्याची पद्धत असते ना, ती इथे लागते का? कालव्याकाठी वळणं तर नाहीतच.

वाटाड्या:

गटांमध्ये तीन-चार मिनिटांचं अंतर, म्हणजे सहाएकशे मीटर. याहून जवळ आलात की फाटकावर पुन्हा एकच घोळका होतो. गटातल्या दोन सायकलींमध्ये किमान तीन सायकलींएवढी जागा, कारण टोपाथवर पुढचा अचानक थांबतो: कुत्रं, मूळ, बदकं, काहीही. रांग एकेरीच. मुलाच्या मागे लगेच मोठं माणूस, पुढे नाही. मागून दिसतं आणि वेगही मूलच ठरवतं.

वळणं नाहीत हे खरं, पण वाट बाजू बदलते ती जागा चुकते. काही पुलांवर टोपाथ एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो. घोडा दोर न सोडता पलीकडे जावा म्हणून तिथे उतार गोल वळवून पुन्हा पुलाखालून काढलेला असतो. सरळ पुढे एक पायवाट दिसत राहते आणि माणूस तिनेच जातो. तुमच्या वाटेवर असे पूल किती ते पाहून ठेवा, आणि फक्त तिथे पुढच्या गटातल्या शेवटच्या माणसाने थांबून मागच्या गटाला वाट दाखवायची.

पुढे कधी लांबचा बेत केलात तर नकाशावरचे बोगदेही तपासा. इंग्लंडमधला स्टँडेज बोगदा १८११ मध्ये खुला झाला, लांबी पाच किलोमीटरच्या वर, आणि आत टोपाथच नाही. होडी आडव्या पडलेल्या माणसांनी पायांनी भिंत रेटत पलीकडे न्यायची आणि घोडा डोंगरावरून जायचा. सायकलवाल्यालाही डोंगरच चढावा लागतो. उलट अमेरिकेतल्या चेसापीक-ओहायो कालव्याचा २९७ किमीचा टोपाथ पॉ पॉ बोगद्यातून आरपार जातो, पण तिथे साडेनऊशे मीटर अंधारात सायकल हातात धरून, विजेरी घेऊन चालायचं. लॉकच्या चढणीचंही तसंच. इंग्लंडमध्येच डिव्हायझेसजवळच्या केन हिलला २९ लॉक मिळून सव्वातीन किलोमीटरमध्ये ७२ मीटर चढ आहे. तुमच्या पाच लॉकना घाबरायचं कारण नाही. प्रत्येक लॉकशेजारी एक छोटा पण एकदम उभा उतार असतो, त्याआधीच गिअर हलका करून ठेवायचा एवढंच.

कडेकडेने:

लॉकपाशी थांबाल तर कुठे थांबता ते पाहा. दरवाजाला जोडलेला तो लांबलचक लाकडी दांडा बसायला आणि सायकल टेकवायला अगदी सोयीचा दिसतो. पण होडीवाले तोच ढकलून दरवाजा उघडतात. तो गोलाकार फिरतो, आणि जमिनीवर त्यांच्या पायांसाठी उंचवटलेल्या विटांची कमानदार पट्टी दिसते. त्या पट्टीच्या आत सायकल, पिशवी, मूल काहीही नको.

नांगरलेल्या होड्यांजवळून हळू. काठावर खुंट्या ठोकलेल्या असतात, त्यांना बांधलेले दोर वाटेच्या कडेला ताणलेले असतात, आणि पेडल त्यात अडकतं. आत माणसं राहतात, सकाळी आरडाओरडा नको. मासे धरणाऱ्यांचे कार्बनचे लांब दांडे वाटेवर आडवे पसरलेले असतात, कधी कधी दहा मीटरच्याही वर. पहिल्याने पूर्ण थांबायचं, त्यांनी दांडा ओढून घेईपर्यंत वाट पाहायची. वरून चाक गेलं तर दांडा तडकतो.

घंटी दोनदा, लांबून आणि हळू. मग पायी चालणाऱ्याला “मागे अजून तिघे आहेत” असं सांगायचं. शेवटच्याने “मी शेवटचा” म्हणायचं. एवढ्याने माणसं निश्चिंत होतात. हेडफोन लावलेला माणूस घंटीने वळला नाही तर पुन्हा पुन्हा वाजवू नका; मागे मागे चालत राहा, रुंद जागा आली की बोला.

पान्हा_पेटी:

टायर आणि सामान.

२५ मिमीची सायकल खडीवर निभावेल, मुळांवर आणि ओल्या मातीवर नाही. त्या माणसासाठी दुसरी सायकल शोधा. नाहीच मिळाली तर फ्रेम आणि ब्रेकमध्ये मावेल तेवढा रुंद टायर, निदान ३२. टायर आणि मडगार्ड यांच्यात दहा मिमी तरी फट हवी. चिकणमातीत पानं मिसळली की ती मडगार्डखाली घट्ट बसतात आणि चाक जाम होतं. एखादी काडी नाहीतर जुना चमचा जवळ ठेवा.

हवा: ७०-७५ किलोच्या माणसाला ४० मिमी टायरमध्ये पुढे ३५, मागे ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). ३५ मिमीत दोन्हीकडे दहा-दहा जास्त. मुलांच्या सायकलींत याहून कमी चालते, पण अंगठ्याने दाबून टायर रिमला टेकत असेल तर ते फारच कमी.

प्रत्येक गटाकडे एक पंप, तीन टायर लिव्हर, ठिगळांचा डबा, ४-५-६ च्या ॲलन किल्ल्या. पंप दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हला, प्रेस्टा आणि श्रेडर, बसतो का ते घरीच तपासा. ट्यूब मात्र प्रत्येकाने स्वतःच्या मापाची आणायची. अकरा सायकलींत तीन-चार वेगळी मापं निघतात आणि मुलांच्या २४ इंची चाकाची ट्यूब नेमकी कोणाकडेच नसते. साखळी तोडणारं अवजार आणि क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडायची सुटी कडी) शेवटच्या गटाकडे, कारण बिघडलेली सायकल शेवटी त्यांच्यापर्यंतच येते. क्विक लिंक साखळीच्या मापाचीच हवी. ८ गिअरच्या साखळीची ९ ला लागत नाही.

कुंपण छाटल्यानंतरच्या दिवसांत काट्यांची पंक्चरं पाठोपाठ होतात. काठाच्या झुडपांत हॉथॉर्न असेल तर त्याचा काटा कडक आणि सरळ असतो. टोक टायरच्या आत राहतं आणि बाहेरून दिसत नाही. नवी ट्यूब घातली की पाच मिनिटांत तिचीही हवा जाते. म्हणून टायरवरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर येईल असं बसवा. ट्यूबला हवा भरून भोक शोधा, व्हॉल्व्हपासून त्याचं अंतर मोजा आणि टायरवर तेवढ्याच अंतरावर दोन्ही दिशांना काटा शोधा. आतून फडकं फिरवा, बोट नाही. फडक्याचा धागा जिथे अडकेल तिथे काटा आहे. तो चिमट्याने काढा, चिमटा नसेल तर बाहेरून नखाने ढकला.

दुरुस्तीला बसायचं ते वाट सोडून, कुंपणाच्या कडेला. सुटे भाग टोपीत ठेवा. काठावर ठेवलेला नट पाण्यात गेला की गेला.

ई-बाइक अडसरावरून एकट्याने उचलू नका. बॅटरी काढली की तीन-एक किलो कमी होतात, बाकीचं दोघांनी उचलायचं. माउंटन सायकलचं हँडल चिंचोळ्या अडसरात अडकतं. पुढचं चाक हवेत उचलून सायकल मागच्या चाकावर उभी केली की सहज निघते.

नाडीपरीक्षा:

सहाव्या प्रश्नाबद्दल. मुख्य कालवा बहुतेक ठिकाणी फार खोल नसतो, मोठा माणूस तळाला पाय टेकून उभा राहू शकतो आणि दचकून हातपाय मारणाऱ्याला हेच ओरडून सांगायचं: “उभा राहा.” मागोमाग कोणी उडी मारायची नाही. काठावर पोटावर आडवं झोपून फांदी, टॉवेल, सायकलची ट्यूब, काहीही पुढे करायचं. काठ उभा असेल तर जवळची शिडी किंवा उताराची जागा गाठायला लावायचं.

लॉकच्या आत पडणं ही वेगळी आणि फार गंभीर गोष्ट. तिथे पाणी खोल, भिंती उभ्या आणि बुळबुळीत. होडीवाले असतील तर त्यांना ताबडतोब ओरडून झडपा बंद करायला लावा आणि आणीबाणीचा क्रमांक फिरवा. लॉकची शिडी कुठे आहे हे प्रत्येक गटाने आत्ताच पाहून ठेवावं. लॉकजवळ मुलं सायकलवरून उतरलेलीच हवीत.

भिजलेल्याला कोरडे कपडे. प्रत्येक गटात एक संच आणि चंदेरी पन्नीचं पांघरूण पुरेल. आणि हे विसरू नका: साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येऊ शकतात. खरचटलं असेल तर निघण्याआधीच जलरोधक पट्टी, खाण्याआधी साबणाने हात, आणि पाण्याच्या बाटलीच्या तोंडाला झाकण. पुढच्या चाकाने उडवलेलं डबक्यातलं पाणी थेट त्या तोंडावर पडतं. पाण्यात पडलेल्याला पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना कालव्याचं आवर्जून सांगायचं. नाहीतर साधा फ्लू समजला जातो.

सहलकर्ती:

सगळं टिपून घेतलं. नऊला निघायचं, बाराला जिथे असू तिथून परत. रोड बाइकऐवजी हायब्रिड मिळते आहे. बाजू बदलणारा पूल एकच आहे, १२व्या किमीला. शेवटचं एकच विचारते: आदल्या रात्री पाऊस झाला तर रद्द करावं का?

वाटाड्या:

रद्द नको, लहान करा. खडीचे ७ किमी पावसानंतरही चांगले राहतात. तेवढं जाऊन-येऊन १४ होतात आणि बाळही पूर्ण वेळ सोबत राहतं. मातीचे ९ किमी मात्र सोडा. ओल्या चिकणमातीत चाकांचे चर पडतात, ते वाळून कडक होतात आणि पुढे महिनाभर चालणाऱ्यांना त्यांतून जावं लागतं. कालवा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या संकेतस्थळावर वाट बंद असल्याच्या सूचना आदल्या संध्याकाळी पाहा. काठ खचला की टोपाथ लगेच बंद करतात.

पान्हा_पेटी:

आणि पावसात गेलात तर घरी आल्यावर ब्रेकचे पॅड काढून पाहा. रिम ब्रेक असेल तर खडीची कच रबरात रुतून बसते आणि पुढच्या वेळी रिम खरवडते. सुईने उकरून काढा, पॅड सॅंडपेपरवर दोनदा घासा, साखळी पुसून तेल द्या.